बांधावरच्या शिक्षणाचे मोजमाप

कृषी विस्तार शिक्षण म्हणजे शेतकऱ्याला शाळेबाहेर, त्याच्या बांधावर मिळणारे शिक्षण. त्याला परीक्षा नसते, आणि शिकणारा वयाने व अनुभवाने बहुधा शिकवणाऱ्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे या शिक्षणाने नेमके काय साधले, हे ठरवणे अवघड जाते. भारतात 2 ऑक्टोबर 1952 रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी नियोजन आयोगाने मूल्यमापनासाठी वेगळी संघटना उभारली. काम करणाऱ्यांनी स्वतःच्याच कामाला गुण देऊ नयेत, हा विचार त्यामागे होता आणि तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

त्या काळातील ग्रामसेवकावर गावच्या विकासाची नाना कामे होती. शेतीच्या सल्ल्याला उरेल तो वेळ मिळे. यावर उपाय म्हणून डॅनिएल बेनॉर यांनी मांडलेली ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत जागतिक बँकेच्या मदतीने 1970 च्या दशकात भारतात आली. पुढे महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने फक्त विस्ताराचेच काम करायचे, ठरलेल्या वारी ठरलेल्या गटातील संपर्क शेतकऱ्यांना भेटायचे, आणि दर पंधरवड्याला विषयतज्ज्ञांकडून पुढच्या दोन आठवड्यांच्या कामांचे प्रशिक्षण घ्यायचे, अशी तिची घडी होती. विषयतज्ज्ञ मासिक कार्यशाळेत विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना भेटत. शेतकऱ्याची अडचण याच वाटेने वर जावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात शिफारशी खाली येत राहिल्या आणि अडचणी क्वचितच वर गेल्या.

या पद्धतीचा फायदा झाला का? हरियाणात ती लागू असलेल्या भागाची तुलना लगतच्या उत्तर प्रदेशातील, ती नसलेल्या जिल्ह्याशी करण्यात आली. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने गुंतवणुकीवर किमान 15 टक्के परतावा मिळाला असण्याची दाट शक्यता वर्तवली. केनियात मात्र आधी सांगितला गेलेला मोठा परतावा फेरतपासणीत टिकला नाही. उत्पादन वाढले की त्यात पाऊस, बियाणे, विहिरीचे पाणी, बाजारभाव या सगळ्यांचा वाटा असतो. तुलनेसाठी दुसरे गाव आणि सुरुवातीची नोंद नसेल, तर वाढीचे श्रेय विस्ताराला देता येत नाही.

अमेरिकेतील क्लॉड बेनेट यांनी 1970 च्या दशकात मूल्यमापनाच्या सात पायऱ्या सांगितल्या. खर्च, कार्यक्रम, सहभाग आणि प्रतिक्रिया या खालच्या; ज्ञान, वृत्ती व कौशल्यातील बदल, प्रत्यक्ष वहिवाटीतील बदल आणि अंतिम परिणाम या वरच्या. सरकारी अहवाल बहुतेकदा सभा, प्रात्यक्षिके आणि उपस्थितीवर, म्हणजे खालच्याच पायऱ्यांवर थांबतात. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक किती जणांनी पाहिले, याची नोंद सापडते. पुढच्या पेरणीला किती जणांनी ती केली, हे विचारायला कोणी परत जात नाही.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादची ‘मॅनेज’, आणंदची विस्तार शिक्षण संस्था आणि नागपूरची ‘वनामती’ अशा संस्था आहेत. तिथे पीकशास्त्राबरोबर ऐकून घेणे, गटाला बोलते करणे आणि नोंदी ठेवणे हेही शिकवावे लागते. व्याख्यान ऐकून तयार झालेला कर्मचारी गावातही व्याख्यानच देतो. इंडोनेशियात 1989 पासून भाताच्या शेतीशाळा सुरू झाल्या, तेव्हा प्रशिक्षकांना आधी स्वतः हंगामभर भात पिकवायला लावले होते. कीड आणि तिचे नैसर्गिक शत्रू त्यांनी आपल्या शेतात मोजले, मग ते शेतकऱ्यांसमोर गेले. महाराष्ट्रातही शेतीशाळा भरतात. त्यांच्या प्रशिक्षकांनाही असा पूर्ण हंगाम मिळायला हवा.

मूल्यमापन आणि प्रशिक्षण ही दोन टेबलांवरची दोन कामे राहिली, तर दोन्ही वाया जातात. खरिपात शेतकऱ्यांना काय समजले नाही, याचा अहवाल पुढच्या खरिपाचे प्रशिक्षण ठरवण्याआधी प्रशिक्षण संस्थेच्या हाती पडला पाहिजे. त्यानंतर आलेला अहवाल कितीही अचूक असला, तरी त्या हंगामातील शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही.