ह्यूस्टनची आगोट

कोकणात मे सरता सरता घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल उडते. कौलं शाकारायची, सरपण पडवीत रचायचं, सुकी मासळी डब्यांत भरायची. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मराठी घरांतही हा शब्द पुन्हा वापरात यायला हरकत नाही. अटलांटिकचा हरिकेनचा हंगाम अधिकृतपणे १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्याचा भर साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन गणपतीच्या सुमारास. दिवाळीचा फराळ होतो तेव्हाही तो पुरता सरलेला नसतो.

वादळाची बातमी आली की दुकानांत पाण्याच्या बाटल्या आणि ब्रेड यांवर झुंबड उडते. माणशी रोजचं एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी घरात हवंच. पण काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्याची जुनी रीत निव्वळ मनाच्या समाधानाची. काच फुटायची ती फुटतेच, वर तिचे मोठे तुकडे उडतात. त्यापेक्षा प्लायवूड मापाने आधीच कापून, कुठल्या खिडकीचं कुठलं ते लिहून ठेवावं. आणि गॅरेजचं दार बघावं! घराचा सगळ्यात कच्चा दुवा बहुधा तोच. ते आत दबलं की वारा घरात शिरतो आणि छपराला खालून उचलतो.

एवढं केलं की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. हरिकेनची १ ते ५ ही श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाण्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. २५ ऑगस्ट २०१७च्या रात्री हार्वे हे वादळ टेक्सासमधल्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा चौथ्या श्रेणीचं होतं. ह्यूस्टन बुडत होतं तेव्हा त्याला हरिकेन म्हणण्याइतका वाराही उरला नव्हता. ते फक्त हलेना. टेक्सासमधल्याच नेदरलँड गावी ६० इंचांहून जास्त, म्हणजे दीड मीटरभर पाऊस मोजला गेला. अॅडिक्स आणि बार्कर हे एरवी कोरडे असणारे जलाशय तुडुंब झाले, आणि पाणी सोडल्यावर खालच्या अंगाच्या वस्त्याही बुडाल्या.

विम्याची गंमत (ज्याचं घर बुडालं त्याला ती गंमत वाटणार नाही) इथेच आहे. छप्पर उडून पाऊस आत आला तर तो ‘वारा’. अंगणातून चढत पाणी उंबरठा ओलांडून आलं तर तो ‘पूर’. नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. त्यासाठी १९६८पासून सरकारी पूरविमा योजना आहे. घराच्या बांधकामाला अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाखापर्यंत. दुकान-कचेरीच्या इमारतीला पाच लाख, आतल्या मालालाही पाच. मात्र पॉलिसी एरवी तीस दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाला नाव पडल्यावर एजंटला फोन करण्यात अर्थ नाही. हार्वेत बुडालेली कित्येक घरं नकाशातल्या पूरक्षेत्राबाहेर होती. बँकेने पूरविम्याची सक्ती केली नाही, म्हणजे पाणी येणार नाही, असा अर्थ लोकांनी काढला होता.

वाऱ्याच्या विम्यातही डिडक्टिबल बघून घ्यावं. ते बऱ्याचदा ठरावीक रकमेचं नसून टक्क्यांत असतं. चार लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर आधी आपल्या खिशातून.

व्यवसायाचं दुखणं निराळं. ८ जुलै २०२४ला बेरिल वादळ आलं ते पहिल्याच श्रेणीचं, पण २२ लाखांवर ग्राहकांची वीज गेली आणि अनेकांकडे ती दिवसचे दिवस आली नाही. भिंतीला ओरखडा नसलेल्या दुकानांतला फ्रीजमधला माल सडला. धंदा बंद पडल्याची भरपाई साधारणपणे तुमच्याच जागेचं नुकसान झालं तर मिळते. बाहेरची वीज गेल्याचं कलम वेगळं मागून घ्यावं लागतं. जनरेटर घेणाऱ्यांनी तो घरापासून निदान वीस फूट लांब ठेवावा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वादळ ओसरल्यावर माणसं मारतो.

पुढचा सगळा खेळ पंचनाम्याचा. जूनमध्येच घरभर फोन फिरवून, कपाटं उघडून, टीव्हीच्या मागचा क्रमांकही दिसेल असा व्हिडिओ काढून क्लाउडवर टाकावा. पूर ओसरल्यावर भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेशेजारी टेप धरून फोटो घ्यावा, आणि मगच ओला गालिचा बाहेर काढावा. त्याचा एक तुकडा राखून ठेवावा.

राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली की फेमा या केंद्रीय संस्थेकडे साधारण साठ दिवसांत अर्ज करता येतो. विमा असेल तर आधी विम्याचा दावा. फेमाचे पैसे परत करायचे नसतात, पण त्यांतून घर पूर्ववत होईल अशी आशाही धरू नये. नकाराचं पत्र आलं तर ते नीट वाचावं. पुष्कळदा एखादा कागदच कमी असतो, आणि अपिलाला पुन्हा साठ दिवस मिळतात. मोठी रक्कम येते ती स्वस्त कर्जाच्या रूपात, लघुउद्योगांच्या सरकारी संस्थेकडून. नावावरून कळत नाही, पण ती घरमालकांनाही घरदुरुस्तीसाठी पाच लाखांपर्यंत कर्ज देते. धंद्याला वीस लाखांपर्यंत.

आपल्याकडच्या पुष्कळांना अडतं ते व्हिसावर. निवाऱ्यात आणि जेवणाच्या रांगेत कोणी कागद मागत नाही. फेमाची रोख मदत मात्र एच-१बीवाल्यांना मिळत नाही. ग्रीन कार्ड तरी लागतं. पण घरात अमेरिकेतच जन्मलेलं, अमेरिकी नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या वतीने आईवडील अर्ज करू शकतात. त्यासाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. पासपोर्टच्या प्लास्टिक पिशवीत ते कार्ड सगळ्यात वर असू द्यावं.