गोळी नापास, जंतू पास!

सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलीय. दीपनगरहून भुसावळ-जळगाव अप-डाऊन करून जीव दमलाय. घसा धरलाय, नाक गळतंय, अंगात कणकण आहे. दवाखान्यात नंबर लावायचा म्हणजे दोन तास गेले, वर फी वेगळी. मग तुम्ही काय करता? कॉलनीजवळच्या मेडिकलवर गाडी थांबवता आणि म्हणता, "भो, एक अॅझीची स्ट्रिप दे ना!" तीन गोळ्यांची स्ट्रिप. दोन घेतल्या, बरं वाटलं, तिसरी बॅगेच्या कप्प्यात. पुढच्या महिन्यात रूममेटला ताप आला की ती त्याच्या कामी येते.

यात कुणाचं काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते नंतर कधीतरी, आणि बऱ्याचदा आयसीयूत. मेडिकलचा काउंटर आणि आयसीयूचा बेड यांच्यातली ही लिंकच आज बघू या.

औषधांची मार्कशीट

आयसीयूतल्या पेशंटचा ताप हटत नसला की त्याचं रक्त, लघवी किंवा फुप्फुसातला स्राव लॅबमध्ये 'कल्चर'ला पाठवतात. दोन-तीन दिवसांनी येणारा रिपोर्ट थेट मार्कशीटसारखा असतो. एका बाजूला अँटिबायोटिक्सची नावं, समोर इंग्रजीतलं एकेक अक्षर. 'एस' म्हणजे औषध पास, जंतू मरतो. 'आय' म्हणजे एटीकेटी, डोस वाढवला तर कदाचित जमेल. 'आर' म्हणजे औषध नापास, जंतू त्याला जुमानत नाही.

आता असेही रिपोर्ट येतात की वरपासून खालपर्यंत 'आर'च 'आर', आणि तळाशी कोलिस्टिनसारखं एखादं औषध उरलेलं. कोलिस्टिन हे १९५०च्या आसपासचं औषध. किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. दुसरं काही चालेना, तेव्हा तेच पुन्हा बाहेर काढावं लागलं. या परीक्षेला बसतं औषध, पण नापास झाल्याची किंमत मोजतो पेशंट.

ही किंमत किती मोठी आहे? दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले सुमारे २ लाख ९७ हजार भारतातले.

डबल कंपाउंडवाले जंतू

हॉस्पिटलमध्ये सगळ्यात जास्त छळणाऱ्या जंतूंची नावं मायक्रोबायोलॉजीवाल्यांना पाठ असतील: क्लेब्सिएला, ई. कोलाय, अॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास. हे सगळे 'ग्राम-निगेटिव्ह'. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये जंतू रंगवून ओळखण्याची पद्धत शोधली. जांभळा रंग धरून ठेवतात ते ग्राम-पॉझिटिव्ह. तो रंग धुतला जाऊन नंतरचा गुलाबी रंग घेतात ते ग्राम-निगेटिव्ह. प्रॅक्टिकलला ही स्लाइड तुमच्यातल्या अनेकांनी केली असेल.

रंगातला हा फरक भिंतीच्या रचनेमुळे पडतो. दीपनगरचा प्लँट डोळ्यांपुढे आणा. समजा, त्याला एकात एक अशी दोन कंपाउंड आहेत. बाहेरच्या कंपाउंडला अरुंद गेट, पास असेल त्यालाच आत प्रवेश. ग्राम-निगेटिव्ह जंतूचं तसंच असतं. त्याला बाहेरून एक जादा आवरण असतं आणि त्यात बारीक दारं असतात. औषधाला तिथूनच घुसावं लागतं. जंतू ही दारं कमी करू शकतो. आत शिरलेलं औषध पंप लावून बाहेर फेकू शकतो. आणि दोन कंपाउंडांच्या मधल्या जागेत तो कात्र्या घेऊन बसलेला असतो. बीटा-लॅक्टमेज नावाची ही एन्झाइम्स पेनिसिलिनच्या खानदानातली औषधं कापून टाकतात.

यातली सगळ्यात बदनाम कात्री म्हणजे एनडीएम-१. राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधंही ती कापते. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये २००८ मध्ये ती पहिल्यांदा ओळखली गेली. तिच्या नावात 'न्यू दिल्ली' आलं आणि त्यावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. पण नाव काहीही ठेवा, कात्री आपल्याकडे होतीच. मुंबईत माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात कार्बापेनेमला दाद न देणारे २४ नमुने तपासले होते. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं.

नोट्सची झेरॉक्स

आता तुमच्या गोळीकडे येऊ. सर्दी-घसा बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतो. व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. तुम्ही बरे झालात ते तीन-चार दिवसांत आपोआप. मग गोळीने काय केलं? ती आतड्यात पोचली आणि तिथल्या असंख्य निरुपद्रवी जंतूंपैकी कच्चे ते मारले. पक्के उरले आणि रिकाम्या जागेत वाढले. ते काही आठवडे, कधी काही महिने तिथेच मुक्काम करतात.

त्यात हे जंतू अभ्यासू! औषधाला चकवण्याची माहिती बऱ्याचदा प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते. एक जंतू त्याची कॉपी शेजारच्याला देतो, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सची झेरॉक्स फिरते तशी. देणारा क्लेब्सिएला, घेणारा ई. कोलाय, असंही चालतं.

एरवी हे जंतू आतड्यात गुमान राहतात. पण उद्या हायवेवर अॅक्सिडेंट झाला, ऑपरेशन करावं लागलं, लघवीची नळी किंवा व्हेंटिलेटर लागला, की त्यांना आत शिरायला वाट मिळते. शेजारच्या बेडवरच्या पेशंटचे जंतूही हातांवरून तुमच्यापर्यंत येऊ शकतात. औषधाची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच ते नापास निघतं.

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच इशारा दिला होता: औषध दुकानात सहज मिळू लागेल, लोक अर्धवट डोस घेतील आणि जंतू पक्के होतील.

घाटापलीकडची लॅब

मग नवीन औषधं शोधा की! शोधतायत, आणि त्यातलं एक मोठं काम आपल्या शेजारी झालंय. जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून पुढे गेलं की छत्रपती संभाजीनगर. तिथे चिकलठाणा एमआयडीसीत वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. झिडेबॅक्टम हे तिचं नवं औषध. ते सेफेपिम या जुन्या औषधासोबत देतात.

त्याची आयडिया भारी आहे. आजवरची बरीच जोड-औषधं जंतूची कात्री अडकवायला बघायची. एनडीएम मात्र त्यांतल्या बहुतेकांना दाद देत नाही. झिडेबॅक्टम कात्रीच्या नादी न लागता भिंत बांधणाऱ्या गवंड्याला धरतं. जंतूच्या भिंतीचं काम अनेक गवंडी-प्रथिनं करतात. सेफेपिम मुख्यतः एकाला पकडतं, झिडेबॅक्टम दुसऱ्याला. दोघे एकदम अडकले की भिंत ढासळते. लघवीच्या मार्गातल्या गंभीर संसर्गाच्या ५३० पेशंट्सवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. कंपनीने जाहीर केलेल्या निकालानुसार या जोडीला ८९ टक्के यश मिळालं, तर तुलनेसाठी दिलेल्या मेरोपेनेमला ६८.४ टक्के. २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या औषध नियामकाकडे मंजुरीसाठी अर्ज केला. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला तिथे मंजुरी मिळाली होती.

अभिमान वाटायलाच हवा. पण नवं औषध आलं म्हणजे सुटलो, असं नाही. एक औषध बाजारात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय नवं अँटिबायोटिक राखूनच वापरायचं असतं, त्यामुळे खप कमी आणि कमाईही कमी. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या अशाच एका औषधाला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली! तेव्हा हातातली औषधं टिकवणं, हे नवी शोधण्याइतकंच मोठं काम आहे.

आपण काय करायचं?

स्ट्रिपवरची लाल रेघ बघा. ती असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सेफिक्झिमसारखी औषधं तर मार्च २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. ती विकताना मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. डॉक्टरांकडे गेलात तर "पॉवरफुल गोळी द्या" असा हट्ट धरू नका. उलट विचारा, "अँटिबायोटिक खरंच लागेल का?" त्यांनी दिलं, तर सांगितलं तेवढे दिवस घ्या. मनाने सुरू नाही, मनाने बंदही नाही.

दुसरी गोष्ट घरच्यांना समजवायची आहे, आणि ती अवघड आहे. आपल्याकडे एक जण अॅडमिट झाला की गाडी भरून माणसं भेटायला येतात. माया असते, पण बेडवर बसणं, सलाईनच्या नळीला, लघवीच्या पिशवीला हात लावणं आणि त्याच हाताने शेजारच्या पेशंटला केळं सोलून देणं, हे जंतूंच्या सोयीचं आहे. एकेकाने भेटा. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा. लघवीची नळी बरेच दिवस असेल तर सिस्टरला नम्रपणे विचारा, "ताई, ही अजून लागणार आहे का?" नळी जितक्या लवकर निघेल तितका धोका कमी.

आणि तुमच्यातले जे बीएस्सी मायक्रो, फार्मसी, नर्सिंग किंवा डीएमएलटी करतायत, त्यांनी 'स्कोप काय?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. धुळे असो की जळगाव, कल्चरची प्लेट नीट वाचणारा माणूस लॅबमध्ये असेल तरच डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागत नाही.

राहिली ती बॅगेतली तिसरी गोळी. रूममेटला ताप आला तर ती देऊ नका. त्याला गाडीवर मागे बसवा आणि दवाखान्यात घेऊन जा. दोन तास जातील, जाऊ द्या.