रक्तपिपासूची कथा आणि पडदा : ‘सेलम्स लॉट’, ‘लुचाई’ व रूपांतराचा प्रश्न

प्रस्तावना
मराठीत भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून देणाऱ्या लेखकांत पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या अमेरिकन कादंबरीवर बेतलेली आहे. मूळ कादंबरी १९७९, २००४ व २०२४ मध्ये पडद्यावर आली. तिचा गाभा या रूपांतरांत कितपत उतरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ कादंबरीचे स्वरूप
‘सेलम्स लॉट’चे खरे मध्यवर्ती पात्र म्हणजे ते गाव. किंग यांनी गावाचा एक दिवस पहाटेपासून तासातासाने चितारला आहे. माणसांची गुपिते, क्षुद्र वैरे व एकाकीपणा आधी दिसतात. रक्तपिपासू बार्लो प्रत्यक्ष समोर येतो तो बऱ्याच उशिरा. त्यामुळे एकेक घर अंधारात बुडू लागते तेव्हा वाचकाला परिचितांच्या नाशाची वेदना होते. भय या वेदनेतून निर्माण होते.

पडद्यावरील रूपांतरे
टोब हूपर यांच्या १९७९ च्या दूरचित्रवाणी मालिकेला सुमारे तीन तासांचा अवधी होता. खिडकीबाहेर धुक्यात तरंगणाऱ्या मुलाचे तिच्यातील दृश्य आजही स्मरणात आहे. मात्र कादंबरीतील सुसंस्कृत, वाक्पटू बार्लो तेथे मूक व विद्रूप झाला. २००४ च्या मालिकेत रटगर हाउअर यांच्या बार्लोला वाचा परत मिळाली. कथा मात्र समकालीन करण्यात आली. गॅरी डॉबरमन यांच्या २०२४ च्या चित्रपटाने १९७५ चा काळ राखला. परंतु दोन तासांहून कमी अवधीत गावकऱ्यांची ओळख होण्यापूर्वीच त्यांचा बळी जातो. दृश्ये परिणामकारक आहेत, हानीची जाणीव क्षीण आहे.

मराठी रूपांतर
‘लुचाई’ या नावातच ‘लुचणे’ ही क्रिया ऐकू येते. परके पिशाच शब्दापासूनच मराठी होते. क्रूस, पवित्र जल आणि श्रद्धा डळमळलेला धर्मगुरू हे मूळ कथेचे आधार मराठी परिसरात जसेच्या तसे उभे राहत नाहीत. येथे भय व श्रद्धा दोन्ही नव्या मातीत रुजवावी लागतात. धारपांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. त्याने कथानकाची प्रतिकृती केली नाही; परंतु वाडा, संततधार पाऊस व पिढ्यांचा लोभ यांतून स्थळच भयाचे कारण बनवले.

निष्कर्ष
प्रसंग किती राखले, या मोजणीने रूपांतराचे मूल्य ठरत नाही. ‘सेलम्स लॉट’ची पडद्यावरील रूपांतरे रक्तपिपासूचा चेहरा शोधत राहिली आणि गाव निसटले. साहित्य व चित्रपट यांचा तौलनिक अभ्यास शिकवताना ‘काय वगळले?’ या प्रश्नापेक्षा ‘वाचकाला ज्याचे दुःख झाले, ते प्रेक्षकापर्यंत पोहोचले काय?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.