शेजारची खाण आणि आपली ग्रामपंचायत

खाण एका गावच्या शिवारात निघते, परंतु तिचे परिणाम शिवेच्या दगडापाशी थांबत नाहीत. कोळशाच्या गाड्या दुसऱ्या गावच्या रस्त्याने जातात आणि विहिरीचे पाणी तिसऱ्या गावी आटते. अशा वेळी शेजारच्या ग्रामपंचायतीला अथवा नगर परिषदेला बोलण्याचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न आम्हां नागपूरकरांच्या दाराशी आलेला आहे.

अमरावती रस्त्यावर वाडी ओलांडली की कळमेश्वर तालुक्यातील गोंडखैरी लागते. तेथील कोळशाचा पट्टा लिलावाने अदानी समूहाकडे गेला. भूमिगत खाणीच्या या योजनेवर जुलै २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, आणि आसपासच्या ग्रामस्थांनी व लोकप्रतिनिधींनी तेथे कडाडून विरोध केला.

हा विरोध समजून घेण्यासाठी प्रथम जमिनीखाली पाहिले पाहिजे. नागपूरच्या परिसरात कोळसा गोंडवन काळच्या खडकांत सापडतो. त्या थरांवर जो वालुकाश्म आहे, त्याला भूशास्त्रात आपल्या कामठीचेच नाव आहे. हा खडक पाणी धरून ठेवणारा. भूमिगत खाणीत काम चालू ठेवावयाचे तर आत झिरपणारे पाणी अहोरात्र उपसावे लागते, आणि असा उपसा वर्षानुवर्षे चालला की भोवतालची जलपातळी खाली जाण्याचा संभव असतो. शिवाय छत तोलून धरण्यासाठी ठेवलेले कोळशाचे खांब पुढे काढून घेतले, तर वरची जमीन खचू शकते. म्हणजे ‘खाण जमिनीखाली आहे, वरच्या शेताला काय होणार?’ हे समाधान पुरेसे नाही.

या भागात हे भय विशेष का, हेही ध्यानात घ्यावे. काटोल, कळमेश्वर, नरखेड हा संत्र्याचा मुलूख. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात. त्या दोन-तीन महिन्यांत विहिरीने दगा दिला तर हंगाम तर जातोच, पण पाचसहा वर्षे जोपासून फळावर आणलेली बागही जाऊ शकते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खाणी व खनिजे यांविषयीचा मूळ अधिनियम १९५७ चा. वाळू, मुरूम, दगड ही गौण खनिजे राज्य सरकारच्या हाती आहेत. कोळशाचा निर्णय केंद्राकडे असतो. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पुरे झाले. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्यांची जुनी वाटपे रद्द केली, आणि २०१५ च्या कायद्याने लिलावाची पद्धत आली. या सर्व व्यवस्थेत शेजारच्या ग्रामपंचायतीला नकाराधिकार कोठेही नाही. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइटचा प्रश्न २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला, हे खरे. परंतु तेथे आदिवासींच्या वनहक्कांचा व उपासनेचा आधार होता. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रातही मोडत नाही. तो दाखला येथे जसाच्या तसा लागू पडणार नाही.

मग हाती काय उरते? सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने ठरविलेली जनसुनावणी उरते. तिची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा मसुदा जिल्हा परिषदेत अथवा महानगरपालिकेत पाहावयास ठेवावा लागतो, आणि सारे कामकाज चित्रित करावे लागते. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे दहाच माणसे आली तरी सुनावणी झाली असेच ठरते! तेथे मतदानही होत नाही. नोंदलेले आक्षेप आणि त्यांवर खाणवाल्यांनी दिलेली उत्तरे तज्ज्ञ समितीपुढे जातात. म्हणून नुसत्या घोषणेपेक्षा लेखी आक्षेपाचे मोल अधिक.

आमच्या मते प्रत्येक शेजारी ग्रामपंचायतीने तीन कामे आधीच करून ठेवावीत. गावातील विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजून वहीत मांडावी. घरांच्या भिंतींची आजची स्थिती छायाचित्रांसह नोंदवावी. आणि ग्रामसभेच्या ठरावात ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर न थांबता, कोणत्या विहिरी, कोणते रस्ते, कोणत्या बागा यांविषयी काय शंका आहे ते स्पष्ट लिहावे. अशी वही नसेल तर उद्या विहीर आटल्यावर ती खाणीमुळे आटली की अवर्षणामुळे, हे कोणीच सिद्ध करू शकणार नाही. खाणपट्ट्यांवरील स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जो निधी जमतो, त्यावर बाधित गाव म्हणून हक्क सांगतानाही तीच वही उपयोगी पडेल.

राहता राहिले आम्ही शहरवासी. कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे कोळशावर चालतात, आणि आपल्या घरचे दिवे आपण विझविणार नाही. कोळसा लागणारच, हे मान्य करूनही तो कोठून आणि कोणत्या अटींवर काढावा, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते. ज्या विजेचा उपभोग शहर घेते, तिची किंमत शेजारच्या विहिरीने एकटीने चुकती करावी, यात न्याय नाही. पुढच्या सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात येईल तेव्हा ती गोंडखैरीकरांइतकीच आपणही वाचावी.