उग्र वास म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

उन्हाळा लागला की हिंगोली जिल्ह्यातली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उतरतात, कुणी जलतरण तलावाचं तिकीट काढतं. पाणी कुठलंही असो, त्याबद्दलच्या काही समजुती जिवावर बेततात.

क्लोरीनचा वास नाकात झोंबला की पाणी चांगलं, असं सर्रास मानलं जातं. खरं तर तो वास क्लोरामाइनचा. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होतं. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. म्हणून तलावात उतरण्याआधी अंघोळ करायची.

‘टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली, ओटी चाचणीला पिवळा रंग आला, झालं!’ गावच्या पिण्याच्या टाकीला ही तपासणी चालते. तलावात शेकडो माणसं उतरतात, तिथे ती पुरत नाही. कामाचं मुक्त क्लोरीन किती आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेलं किती, हा फरक ओटी नीट दाखवत नाही. त्यासाठी डीपीडी चाचणी लागते. पाण्याचा सामूही (पीएच) मोजावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लोरीनच्या तलावात तो 7.2 ते 7.8 असावा. तो 8 च्या वर गेला की तेवढ्याच क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद बरीच घटते. पाणी मात्र तसंच नितळ दिसतं. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा जंतू योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही 7 दिवसांहून अधिक तग धरतो. पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात पाठवू नका.

बुडणारा माणूस ओरडेल, ही समजूत सगळ्यात घातक. श्वास घेताना ज्याची दमछाक होते, तो हाक कुठून मारणार? मूल आवाज न करता मिनिटभरातही बुडतं. जीवरक्षकाची नजर मोबाईलवर असेल, तर तो असून नसल्यासारखाच.

बाहेर काढलेल्याचं पोट दाबणं, त्याला उलटं धरून फिरवणं, मिठात झाकून ठेवणं, यात मोलाची मिनिटं जातात. पोट दाबल्याने तर उलटी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. श्वास थांबला असेल तर एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने लगेच तोंडाने श्वास द्यावा. मग 30 वेळा छाती दाबणं आणि 2 श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवावं.

तलावाच्या पाण्यासाठी आयएस 3328 हे भारतीय मानक आहे. तिकीट काढताना आजच्या सामूची आणि मुक्त क्लोरीनची नोंद मागा. नोंदवही नसेल, तर मुलाला घेऊन परत फिरा.