गोंडवनाचा इतिहास आणि दहा हजारांचा आकस्मिक खर्च

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना वाटेत मूल लागते. भाताची शेती, राईस मिल आणि सभोवार जंगल असलेले हे तालुक्याचे गाव इंग्रजी अमदानीतही चांदा जिल्ह्यातील एक तहसील होते. त्या जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ साली लिहिला. चांद्याच्या गोंड राजांच्या वंशावळीसाठी अभ्यासक आजही त्याच अहवालाकडे वळतात. हिस्लॉप या मिशनऱ्याची टिपणे १८६६ साली प्रसिद्ध झाली, रसेल आणि हिरालाल यांचे खंड १९१६ साली आले, तर हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली. प्रत्येकाच्या पाठीशी सरकार, मिशन किंवा संस्थान होते. हायमेनडॉर्फ यांना तर निजाम सरकारचेच साहाय्य होते.

हाच इतिहास आता मूल, सिंदेवाही, धानोरा किंवा अहेरीच्या आदिवासी विद्यार्थ्याला लिहावयाचा असेल, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून पीएच. डी.च्या नोंदणीसाठी नागपूर गाठण्याची सक्ती उरली नाही. ही मोठीच सोय झाली. मात्र नोंदणी सुलभ झाली म्हणून संशोधन सुलभ झाले असे नव्हे.

केंद्राने २००५-०६ साली अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू केली. आदिवासींसाठी तीत वर्षाला ६६७ जागा होत्या. पुढे ही योजना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाकडे गेली आणि जागा ७५० झाल्या. निवड पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर होते, नेट उत्तीर्ण असण्याची अट नाही. योजना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु २०११च्या जनगणनेनुसार देशातील आदिवासींची संख्या १० कोटी ४३ लाख आहे, आणि विज्ञान-अभियांत्रिकीपासून साहित्य-इतिहासापर्यंत सर्वच शाखांचे विद्यार्थी या ७५० जागांवर हक्क सांगतात. परदेशी शिक्षणाच्या केंद्रीय शिष्यवृत्तीत तर अनुसूचित जमातींसाठी वर्षाला अवघ्या २० जागा आहेत.

खरी अडचण जागांच्या संख्येपेक्षा खर्चाच्या रचनेत आहे. मासिक रकमेतून विद्यार्थ्याचे जेवणखाण, घरभाडे आणि बहुधा घरच्यांचा काही भार निघतो. संशोधनासाठी म्हणून जो वेगळा आकस्मिक खर्च मिळतो, तो मानव्यविद्यांसाठी पहिली दोन वर्षे वर्षाला १० हजार रुपये आणि त्यानंतर २०,५०० रुपये असा ठरला. ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिणाऱ्याचे त्यात कसेबसे भागेल. गोंडवनाच्या इतिहासाची साधने मात्र एका ग्रंथालयात नाहीत.

१७५१ साली चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, त्यामुळे त्यानंतरचे दप्तर मोडीत आहे. ते वाचण्यासाठी आधी लिपी शिकावी लागते. १८५४ साली इंग्रजांचा अंमल आला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने काही कागद तेथील अभिलेखागारात राहिले, तर १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर काही भोपाळला गेले. वरिष्ठ पत्रव्यवहार दिल्ली आणि लंडनमध्ये आहे. हायमेनडॉर्फ यांची छायाचित्रे व टिपणेही लंडनमध्येच आहेत. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव करून चांद्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या बाबूराव शेडमाके यांच्यावर प्रबंध लिहिणाऱ्याने यातील किती ठिकाणे दहा हजारांत गाठावीत?

त्याहून महत्त्वाचे साधन कागदावर नाहीच. गोंडांच्या वंशकथा परधान किंगरीवर गातात. त्या ध्वनिमुद्रित करणे, गोंडीतून उतरवून घेणे, जाणत्यांकडून अर्थ लावून घेणे हे महिनोन्‌महिने चालणारे काम आहे. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला उतरवून काढण्यास कित्येक दिवस लागू शकतात. या श्रमांचा मोबदला द्यावयाचा झाला, तर अधिछात्रवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. गोंडी भाषेच्या नावावर जनगणनेत २९ लाखांहून अधिक बोलणारे आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. गोंडी भाषा व धर्मपरंपरेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत लिहीत राहिले. पोटापाण्याची व्यवस्था आधी, इतिहास नंतर, अशी ही रीत आहे आणि ती सर्वांनाच जमणारी नाही.

जात वैधता प्रमाणपत्राची गोष्ट तर थोडी विचित्रच आहे. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५०चा. त्यापूर्वीचा पुरावा पडताळणी समितीसमोर भक्कम मानला जातो. त्यामुळे आजोबांचा शाळेचा दाखला, बंदोबस्त मिसल, कोतवाल पंजीतील जन्मनोंद असे कागद शोधत कुटुंबे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. याच नोंदी गावाच्या इतिहासाची अस्सल साधने आहेत. विद्यार्थी संशोधक होण्यापूर्वीच अभिलेखांत शिरतो, तोही पदरमोड करून.

हा केवळ पदव्यांचा प्रश्न नाही. वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांत दाव्यांचे पुरावे म्हणून गॅझेटियर, जनगणना, दावेदारांव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांची लेखी निवेदने आणि नामांकित संस्थांनी केलेला रूढी-परंपरांचा अभ्यास यांचा उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा गावाची स्मृती कागदावर येण्याचे मोल अवघ्या जिल्ह्याला कळले. ज्या गावांच्या देवस्थानांची, दफनभूमींची, जुन्या पायवाटांची नोंदच कोणी केली नाही, त्यांचा दावा तितकाच दुबळा राहतो.

अमेरिकेत शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने १९७२ साली तेथील मूलनिवासींच्या इतिहासासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. सहयोगी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना मूळ कागदपत्रांजवळ राहून काम करता यावे, म्हणून अल्पमुदतीच्या शिष्यवृत्त्याही त्याच्या माध्यमातून दिल्या गेल्या. आपल्याकडे पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, गडचिरोलीत विद्यापीठ आहे, नागपुरात अभिलेखागार आहे. मूलच्या विद्यार्थ्याला नागपुरात दोन महिने राहण्याचा, मोडी शिकण्याचा आणि किंगरी वाजवणाऱ्या परधानाला मानधन देण्याचा खर्च या तिघांनी मिळून उचलला, तर ती रक्कम एखाद्या प्रयोगशाळेच्या उपकरणापुढे किरकोळ ठरेल.