चिखलणी करा, पण गढूळ पाणी बांधाबाहेर सोडू नका

जुलै लागला की पनवेल तालुक्यात नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या पट्ट्यात खाचरं भरतात आणि चिखलणीची घाई सुरू होते. पूर्वी बैलजोडी होती, आता बहुतेक ठिकाणी पॉवर टिलर आला. आवण तयार असते, मजूर मिळेल त्या दिवशी लावणी उरकायची असते. या घाईत चिखलणीला आपण फक्त लावणीआधीचं एक काम समजतो. पण त्या तासा-दोन तासांत मातीत काय घडतं, हे नीट कळलं तर खत वाचेल, पाणी टिकेल आणि भातानंतरचा वालही चांगला येईल.

ढेकळात असतं काय?

मातीत तीन प्रकारचे कण असतात. सगळ्यांत मोठा वाळूचा, त्याहून बारीक पोयट्याचा आणि सगळ्यांत बारीक चिकणमातीचा. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. त्यातले अगदी बारीक कण पाण्यात पडले की ना विरघळतात, ना तळाशी बसतात, नुसते तरंगत राहतात. शास्त्रात अशा मिश्रणाला कलिल म्हणजे कोलॉइड म्हणतात. थॉमस ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाने १८६१ साली हे नाव रूढ केलं. दूध, शाई, रंग ही त्याच जातीची मिश्रणं. कारखान्यात मोठे कण यंत्रात रगडून कलिल तयार करतात. आपल्या खाचरात तेच काम नांगर आणि पाणी मिळून करतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. नांगराने दगडाची चिकणमाती होत नाही. बारीक कण ढेकळात आधीपासूनच असतात, एकमेकांना धरून बसलेले असतात. पाणी ती पकड सैल करतं आणि फाळ त्यांना रगडून सुटं करतो.

सुटं झाल्याने काय होतं, त्याचा हिशेब बघा. एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे तुकडे केले, तर त्या सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ६० चौरस मीटर होतं. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त! एवढ्या पृष्ठभागावर पाणी आणि अन्नद्रव्यं धरली जातात. त्यातून चिकणमातीच्या कणावर ऋण विद्युतभार असतो. युरियातून तयार होणारा अमोनियम धन भाराचा, म्हणून तो या कणांना चिकटून राहतो. शिवाय हे कण खाली बसताना मातीची छिद्रं बुजवतात आणि पाण्याचा झिरपा कमी होतो. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी उभं राहतं ते यामुळेच.

बाटलीत करून बघा

पांढरी काचेची बाटली घ्या. त्यात मूठभर माती आणि तीन भाग पाणी घालून पाच मिनिटं जोरात हलवा व ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसेल. पोयटा काही तासांत बसेल. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो, त्याहून बारीक कण आणखी वेळ घेतात. दुसऱ्या दिवशीही वर जो गढूळपणा दिसेल तो कलिलाचा. त्यात तुरटीचा खडा फिरवा, कण एकमेकांना चिकटून भराभर खाली बसतील. पावसाळ्यात आयाबाया हंड्यात तुरटी फिरवतात त्यामागचं कारण हेच.

खरं नुकसान इथे होतं

चिखलणी झाली, पाणी जास्त वाटलं, की आपण बांध फोडून ते खालच्या खाचरात किंवा ओहोळात सोडतो. ते पाणी पुढे गाढी नदीला मिळतं. पण त्या पाण्यात वाळू जात नाही, वाळू तर जागेवरच बसते. जाते ती चिकणमाती, आणि तिला धरून खतही जातं. म्हणजे जमिनीतला सगळ्यांत मोलाचा भाग आपण आपल्या हाताने वाहून देतो. वर्षानुवर्षं असं केलं की शेत हलकं होतं, मग खत टाकूनही पीक उठत नाही.

भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस आपल्याला ठाऊक आहे. त्यातला नत्राचा ४० टक्के भाग आणि स्फुरद-पालाश पूर्ण चिखलणीच्या वेळी पडतं. हे खत टाकून लगेच बांध फोडणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणंच.

म्हणून एवढं पाळा :

– जास्तीचं पाणी चिखलणीच्या आधी काढा, नंतर नाही. बांधाची भगदाडं आधीच बुजवा.
– फळी फिरवून खाचर सपाट करा आणि गाळ बसू द्या. पाणी काढायचंच झालं तर ते निवळल्यावर, वरवरचं काढा.
– खत शेवटच्या फेरीला द्या, म्हणजे चिखलात मिसळेल.
– युरिया-डीएपी ब्रिकेट वापरत असाल तर लावणीनंतर दर चार चुडांमध्ये एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचा. तिथे ते वरच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही.

अती रगडू नका

पॉवर टिलर हाताशी आहे म्हणून पाच-सहा फेऱ्या मारण्यात शहाणपण नाही. माती जितकी बारीक सुटी होईल तितकी ती वाळल्यावर घट्ट बसते, भेगाळते. भाताला त्याचं काही वाटत नाही, पण कापणीनंतर वाल घालायचा तर बियाणं उगवत नाही आणि मूळ खाली जात नाही. पोपटीच्या शेंगा हव्यात तर जमीन भुसभुशीत हवी. ढेकूळ फुटलं, तण गाडलं गेलं, चिखल बोटाला मऊ लागला की थांबा. गिरिपुष्पाचा पाला गाडला तर मातीचे कण पुन्हा रवाळ व्हायला मदत होते.

माथेरानच्या डोंगरापलीकडे, नेरळचे कृषितज्ज्ञ चंद्रशेखर भडसावळे यांनी तर चिखलणीच वगळली. त्यांच्या सगुणा राइस तंत्रात एकदा गादीवाफे करून त्यावर भात टोकतात. नांगरणी, चिखलणी, लावणी काही नाही, आणि भातानंतर त्याच वाफ्यावर वाल. यात तणनाशकाचा वापर करावा लागतो आणि तणाकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. सगळ्यांनी उद्या चिखलणी सोडावी असं नाही, पण ज्याला मजूर मिळत नाही त्याने दोन-चार गुंठ्यांवर करून पाहायला हरकत नाही.

खाडीकाठच्यांसाठी

तालुक्यात खारजमीनही आहे. तिथला सोडियम मातीचे कण आपोआप सुटे करतो. वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवा. भोवती दुधासारखा गढूळपणा आला, तर जमिनीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. अशी जमीन जास्त रगडू नका. माती तपासा आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचा सल्ला घेऊनच जिप्सम टाका.

ग्रामपंचायतीच्या आणि कृषी खात्याच्या मंडळींनाही एक विनंती. बाटलीचा हा प्रयोग जूनच्या ग्रामसभेत करून दाखवा. बांधबंदिस्तीची कामं पावसाच्या तोंडावर न काढता उन्हाळ्यातच उरका. बांध धड असेल तरच चिखल शेतात राहील. आणि बंधूंनो, यंदा गढूळ पाण्याला वाट करून देण्याआधी एकदा विचार करा, की त्यातून आपलीच जमीन वाहून जाते आहे.